गुकेशच्या नावावर देवगडची कलमं देऊ नका

चवथीच्या दुसऱ्या रात्री आरत्या आटपल्या, भजनी मंडळी पडवीत चहाला बसली आणि माझा चुलतभाऊ मोबाइल पुढं करत म्हणाला, "अगो, ह्या वाचलंस काय? गुकेशान चौथीत शाळा सोडली. आमच्या झिलाक पण यंदा काढतंय."

मी आधी हसले. दादाला मस्करीची सवय आहे. मग कळलं की या खेपेला मस्करी नाही. कुणकेश्वरच्या वाटेवर त्याची बेचाळीस कलमं आहेत. ती पाच वर्षांच्या कराराने व्यापाऱ्याला द्यायची, एकरकमी उचल घ्यायची आणि त्यातून पोराची बुद्धिबळाच्या अकादमीची फी भरायची, इथवर बेत येऊन ठेपला होता. वहिनी समईत तेल घालत होती. ती काही बोलली नाही, फक्त मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि परत वात सारखी करायला लागली. मला तेवढं पुरे झालं. घरी आल्यावर हे लिहायला बसले.

मी कोण, तर जामसंड्याला एका शाळेत गणित शिकवते. रविवारी सकाळी तिथलाच एक वर्ग उघडून पोरांसाठी बुद्धिबळाचे पट मांडते, त्याला अठरा वर्षं झाली. माझ्या हाताखालून एकही ग्रँडमास्टर निघालेला नाही, आणि निघेल असं मी कधी कुठल्या आईबापाला सांगितलेलंही नाही.

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. उद्गारचिन्हं काढून टाकली की मजकूर एवढाच उरतो: "पॅरिसमध्ये जमलं नाही ते बुडापेस्टमध्ये करून दाखवलं, ऑलिम्पिकमध्ये बुद्धिबळाची दोन सुवर्णपदकं. जगाच्या इतिहासात एकाच देशाला दोन्ही सुवर्ण मिळण्याची ही पहिलीच वेळ. बुद्धिबळ पाच हजार वर्षं आमच्या रक्तात आहे. सरकारनं एक रुपया दिला नाही. सगळे खेळाडू सात्त्विक शाकाहारी. सगळी गरीब घरातली पोरं. गुकेशनं चौथीत शाळा सोडली म्हणून तो विश्वविजेता झाला, शाळेनं आजवर एकही विश्वविजेता दिला नाही. पालकांनो, जागे व्हा." त्याखाली एका अकादमीचा मोबाइल नंबर आणि एक ओळ: "तीन वर्षांत ग्रँडमास्टर. मर्यादित जागा."

सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडचा, म्हणजे देशांच्या सांघिक स्पर्धेचा, निकाल लागला तेव्हा जवळजवळ हाच मजकूर फिरत होता, पण तेव्हा गुकेश विश्वविजेता झालेला नव्हता आणि खाली नंबर नव्हता. २०२५च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली आणि मुडद्यात पुन्हा जीव आला. मधल्या काळात कुणीतरी त्याला शेपूट जोडलं. वरचा सगळा अभिमान त्या शेपटासाठी आहे, हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

म्हणून मी शाळेपासूनच सुरुवात करते.

गुकेशनं चौथीनंतर रोजच्या रोज शाळेत जाणं बंद केलं, हे खरं आहे. मी मास्तरीण आहे, मला हे लिहायला गोड लागत नाही, पण खरं ते खरं. मात्र तो बुद्धिबळ शिकला कुठं, हे मेसेजात नाही. तो शिकला शाळेत. २०१३ साली, सात वर्षांचा असताना, चेन्नईच्या वेलम्मल विद्यालयात. आठवड्यातून तीन दिवस, तास तास. या पोरात काहीतरी वेगळं आहे हे पहिल्यांदा ओळखलं तेही शाळेतल्याच प्रशिक्षकानं. प्रज्ञानंद आणि त्याची बहीण वैशालीही त्याच वेलम्मलच्या छत्राखालचे. म्हणजे शाळेविरुद्धचा पुरावा म्हणून ज्याला उभं केलंय, तो शाळेच्याच पटावरून उठून गेलेला आहे. शाळेनं त्याला हजेरीतून मोकळीक दिली, तीही त्याचा खेळ डोळ्यांसमोर दिसत होता म्हणून. आधी सोडली आणि मग खेळ आला, असा क्रम नव्हता.

आणि त्याच्या घरात काय होतं? वडील कान-नाक-घशाचे सर्जन, आई सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. वडिलांनी प्रॅक्टिस बाजूला ठेवली आणि पोराबरोबर देशोदेशी फिरले. घर आईच्या पगारावर चाललं. तरीही पुरेना, तेव्हा आईवडिलांच्या मित्रांनी पैसे घातले. हे सगळं गुकेशनंच मुलाखतींतून सांगितलेलं आहे, काही गुपित नाही. दोन शिकलेली, कमावती माणसं, त्यातला एक पगार महिन्याच्या महिन्याला येणारा, आणि वेळेला खिशात हात घालणारे मित्र. सर्जननं दोन वर्षांनी पुन्हा दवाखाना उघडला तर पेशंट येतात. कलमं पाच वर्षं व्यापाऱ्याच्या हातात दिल्यावर तो त्यांचं काय करील? मोहरासाठीचं कल्टार औषध किती ओतील, बुंध्याकडं बघील की नुसतं पेट्यांकडं? हे मी बागायतदाराला सांगायची गरज नाही. दादाला सगळं माहीत आहे. त्याच्याकडं पगार येत नाही, आंबा येतो, आणि थंडी लांबली किंवा मोहरावर तुडतुडा पडला की तोही येत नाही.

"सगळी गरीब घरातली पोरं" हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला मला एकदा समोर बसवायचंय. बुडापेस्टला खुल्या गटात आपले पाच जण होते: गुकेश, प्रज्ञानंद, अर्जुन एरिगैसी, विदित गुजराथी आणि राखीव हरिकृष्ण. गुकेशचे वडील डॉक्टर. वारंगळच्या अर्जुनचे वडील मेंदूचे सर्जन. आपल्या नाशिकच्या विदितचे आई आणि वडील दोघंही डॉक्टर. मुलींच्या संघातली दिव्या, तिचेही आईवडील डॉक्टर. हा बुद्धिबळाचा संघ आहे की मेडिकल असोसिएशनचं स्नेहसंमेलन, असा प्रश्न पडावा. प्रज्ञानंदचं घर त्यातल्या त्यात साधं, वडील सहकारी बँकेत. पण तिथं आई आहे. नागलक्ष्मीबाई पोराच्या स्पर्धेला जाताना बरोबर भाताचा कुकर आणि मसाले घेऊन जातात; कुठल्याही देशात असोत, पोराला रसमभात मिळतो. एक माणूस कित्येक वर्षं पूर्णवेळ त्या पोरामागं आहे. आमची वहिनी तसं करायला निघाली तर सासूचं, गुरांचं आणि काजीच्या बियांचं कोण बघणार?

डॉक्टरांचीच पोरं खेळतात असं मला म्हणायचं नाही. पण ज्या घरानं शाळेची दोरी सोडली, त्या घराच्या हातात दुसरी दोरी होती. मेसेज पहिली सोडायला सांगतो आणि दुसरीचं नाव घेत नाही.

"शाळेनं एकही विश्वविजेता दिला नाही." बरं. विश्वनाथन आनंद पाच वेळा विश्वविजेता झाला. तो चेन्नईच्या लोयोला कॉलेजचा बी.कॉम. आहे. बुडापेस्टला चौथ्या पटावर, म्हणजे संघातल्या चौथ्या जागेवर, वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी वंतिका अग्रवाल दिल्लीच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्समधली. आणि आर्मेनिया घ्या. अख्ख्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एकत्र केले तर भरेल त्याहून थोडीच जास्त. या देशानं ऑलिम्पियाडचं सुवर्ण तीन वेळा घेतलं: २००६, २००८ आणि २०१२. त्यांनी २०११ साली काय केलं? पोरांना शाळेतून काढलं नाही, बुद्धिबळ शाळेत घातलं. प्राथमिक वर्गांना सक्तीचा विषय, पुस्तक, मास्तर, सगळं रीतसर. हा मेसेज आर्मेनियात पाठवून बघा, लोक तुम्हाला पाणी विचारतील आणि बसायला सांगतील.

आता ते तीन वर्षांत ग्रँडमास्टर. ग्रँडमास्टर व्हायला फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, २५०० रेटिंग लागतं आणि तीन नॉर्म. नॉर्म म्हणजे किमान नऊ डावांच्या स्पर्धेत, समोर ठरावीक संख्येनं ग्रँडमास्टर आणि परदेशी खेळाडू असताना, २६००च्या तोडीचा खेळ. असं तीनदा. देवगडात बसून ते होत नाही. सांगलीत, पुण्यात बसूनही क्वचित होतं. त्यासाठी युरोपात महिना महिना राहावं लागतं. आनंद १९८८ साली आपला पहिला ग्रँडमास्टर झाला. दिव्या २०२५ साली झाली ती ८८वी. सदतीस वर्षांत अठ्ठ्याऐंशी. मी गणित शिकवते म्हणून सांगते, वर्षाला सरासरी अडीचच्या खाली येतं, आणि तेही गेल्या काही वर्षांत वेग वाढला म्हणून. खुद्द गुकेश शिकल्यापासून साडेपाच वर्षांत झाला, १२ वर्षं ७ महिने १७ दिवसांचा असताना, आणि जगातला सर्वांत लहान ग्रँडमास्टर होण्याचा तेव्हाचा विक्रम त्याचा अवघ्या १७ दिवसांनी हुकला. म्हणजे जो पोरगा तेव्हा पृथ्वीवरचा दुसऱ्या नंबरचा लहान ग्रँडमास्टर ठरला, त्यालाही अकादमीच्या वेळापत्रकाच्या जवळजवळ दुप्पट काळ लागला.

त्या अकादमीच्या फीमध्ये "एआय सॉफ्टवेअर मोफत" असंही आहे. यावर तर मी मोठ्यानं हसले. गुकेशला ग्रँडमास्टरपदापर्यंत नेणारे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला कितीतरी काळ संगणकाच्या इंजिनापासून मुद्दाम लांब ठेवलं होतं. आधी स्वतःच्या डोक्यानं चाल शोध, मग बघू, अशी शिस्त.

माझा भाचा, म्हणजे दादाचा हा पोरगा, बरा खेळतो. पाचवीत आहे. तालुक्याला पहिला आला, जिल्ह्याला तिसरा, मग विभागाला कोल्हापूरला गेला. त्या दिवशी मीच बरोबर होते. पाच फेऱ्यांत अडीच गुण. चौथ्या फेरीत त्याच्याकडं वजीर जास्त होता. समोरच्या साताऱ्याच्या पोराकडं नुसता राजा, कोपऱ्यात कोंडलेला. याच्या घड्याळात सात मिनिटं होती, तरी यानं घाई केली, वजीर एक घर जास्त पुढं नेला आणि समोरच्याला चालच उरली नाही. शह नाही, चाल नाही: स्टेलमेट, अर्धा गुण. पंच येऊन दोघांचे हात मिळवायला लावून गेले, तरी हा पटाकडंच बघत राहिला. परतीच्या एसटीत फोंडा घाट उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. नांदगाव तिठ्यावर गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "आत्ये, वजीर तिसऱ्या पट्टीवर थांबवलो असतंय तर?" बरोबर होतं. तिथं थांबवला असता तर दोन चालींत मात होती.

मला हा पोरगा आवडतो तो या प्रश्नासाठी. तीन तास गाडीत बसून तो रडत नव्हता, पट मांडून बसला होता डोक्यात. पण वजीर आणि राजा घेऊन एकट्या राजाला मात देणं हे माझ्या रविवारच्या वर्गातलं तिसऱ्या महिन्यातलं काम आहे. त्याला अजून फिडेचं रेटिंग नाही, आणि ते सुरूच होतं १४०० पासून. त्यासाठी शाळा नाही सोडावी लागत. हत्ती-प्याद्यांच्या डावांचे शेवट गिरवावे लागतात, आणि ते रात्री जेवल्यावर तासभरात होतात.

इथपर्यंत हे वाचून कुणी कलमं राखली तरी माझं काम झालं. पण मेसेजातलं बाकीचंही जाता जाता निकालात काढते, कारण दादा म्हणणारच, "एक चुकलां म्हणून काय झाला, बाकीचा खरा आसा."

ऑलिम्पिक नव्हे, ऑलिम्पियाड. बुद्धिबळ ऑलिम्पिकमध्ये नाही. ही बुद्धिबळाची स्वतंत्र सांघिक स्पर्धा आहे, १९२७ साली लंडनला पहिली झाली, हल्ली दोन वर्षांनी होते. पॅरिसच्या सहा पदकांशी तिची बेरीज करू नका. दोन्ही ठिकाणच्या खेळाडूंचा त्यात अपमान आहे.

पहिलीच वेळ? आपली पहिली, जगाची नाही. एकाच वर्षी दोन्ही सुवर्णं सोव्हिएत संघानं अनेकदा नेली आणि चीननं २०१८ साली बाटुमीत नेली.

रक्ताचं मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण हा मुद्दा दिसायला निरुपद्रवी आहे. चतुरंग आपल्याकडचा, हे जग मान्य करतं. गुप्तकाळाच्या सुमाराचा धरला तर दीड हजार वर्षं होतात, पाच हजार नव्हे, पण ठीक आहे, तेवढं सोडून देऊ. मात्र त्या खेळातला वजीर तिरका एकच घर चालायचा. आज आपण जो वजीर पटभर फिरवतो त्याला हे बळ युरोपात पंधराव्या शतकाच्या शेवटाला मिळालं. आजोबांकडं सावंतवाडीचा लाखेचा पट होता आणि ते प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकवत. दोन घरं टाकलीत की "ह्या खयचा नवीन?" म्हणून पट उधळून लावत. पंजाबचा मीर सुलतान खान असाच देशी नियमांवर वाढला, इंग्लंडला गेला आणि तीनदा ब्रिटिश विजेता झाला. ऑलिम्पियाडही खेळला, पण इंग्लंडकडून. आपला संघच नव्हता. भारत पहिल्यांदा उतरला १९५६ साली मॉस्कोत. आणि खुल्या गटात पहिलं पदक, कांस्य, मिळालं २०१४ साली ट्रॉम्सोला. मधली अठ्ठावन्न वर्षं हे रक्त काय करत होतं? रक्त तेच होतं. नव्हत्या त्या स्पर्धा, प्रशिक्षक, परदेशवाऱ्या, आणि ज्याच्याकडं बघून पोरं बसतील असा आनंद. तो आल्यावर गाडी हलली, आणि २०२० च्या शेवटी त्यानं स्वतःच्या अकादमीत ज्या पोरांना हाताशी घेतलं त्यांत गुकेश आणि प्रज्ञानंद होते. रक्त म्हटलं की या माणसांच्या घामाचा हिशेब द्यावा लागत नाही, म्हणून तो शब्द सोयीचा.

सरकारनं एक रुपया दिला नाही, हे खोटं. पण इथं मला थोडं गप्प बसावं लागतं. तमिळनाडू सरकारनं गुकेश, प्रज्ञानंद आणि वैशालीला प्रत्येकी २५ लाख दिले. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघानं दोन्ही संघांसाठी मिळून जाहीर केलेली ३ कोटी २० लाखांची बक्षिसं वेगळीच, त्यांत खेळाडूला २५ लाख आणि बाकीचे प्रशिक्षक वगैरेंना. मात्र त्याच दिवसांत आणखी एक बातमी होती. २०२२ साली चेन्नईजवळच्या मामल्लपुरमला दोन्ही गटांच्या मिळून कामगिरीसाठी आपल्याला नोना गाप्रिंदाश्विली चषक मिळाला होता. तो फिरता चषक बुडापेस्टला परत न्यायची वेळ आली तेव्हा कुणाला सापडेना. शोधाशोध झाली, पत्रं गेली, शेवटी प्रतिकृती करायची पाळी आली. तेव्हा "आपल्याकडं खेळाची किंमत नाही" असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पेल्याला आपण कपाटात कुलूप घालून ठेवतो, इथं जगाचा चषक हरवला.

सात्त्विक आहाराबद्दल: आमचा भाचा बांगड्याचं तिकलं खाऊन जिल्ह्यात तिसरा आला. पुढं.

हे सगळं मी कुटुंबाच्या ग्रुपवर थोडक्यात टाकलं, तर मुंबईहून एका काकांचा उलटा बाण आला. ते अभिमानवाल्यांतले नाहीत, ते सगळ्याला नाकं मुरडणाऱ्यांतले. त्यांचं म्हणणं दोन ओळींचं: "रशिया नव्हता म्हणून जिंकले. आणि मुलींचं सुवर्ण म्हणजे आरक्षणाचं." काका, तुम्ही चाकरमानी, चवथीला पाच दिवस येता, तुम्हाला दुखवायचं नाही. पण हे वाचाच.

रशिया नव्हता, खरं. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ साली फिडेनं रशिया आणि बेलारूसच्या संघांना बंदी घातली होती. पण रशिया खुल्या गटातलं पटावरचं ऑलिम्पियाड शेवटचं जिंकला तो २००२ साली. त्यानंतर युक्रेन, आर्मेनिया, चीन, अमेरिका, उझबेकिस्तान जिंकले, आणि त्यांतल्या बहुतेक वेळा रशिया समोर बसलेला होता. शिवाय बुडापेस्टचा निकालाचा तक्ता बघा. मी बाकी कशावर विसंबून नाही, हा एक तक्ता फेरीफेरीनिशी कुणालाही बघता येतो. अकरा फेऱ्या, दहा विजय, नवव्या फेरीत उझबेकिस्तानशी २-२ बरोबरी. बाविसातले एकवीस गुण. सातव्या फेरीत चीनला हरवलं, ज्यांच्या संघात त्या वेळचा जगज्जेता डिंग लिरेन होता. दहाव्या फेरीत अमेरिकेला हरवलं. गुकेशनं कारुआनाला, अर्जुननं डोमिंगेझला. एकूण ४४ डाव, त्यांतले सत्तावीस जिंकले, सोळा बरोबरीत सुटले. हरला तो एक, प्रज्ञानंदचा, वेस्ली सोविरुद्ध. एक. शेवटच्या फेरीत स्लोव्हेनिया होता, त्याच्या पहिल्या दोन पटांवर फेडोसेव आणि डेमचेन्को, दोघंही रशियातून तिकडं गेलेले. फेडोसेवनं याच स्पर्धेत जगात पहिल्या नंबरच्या कार्लसनला धूळ चारली होती. त्याला गुकेशनं काळ्या मोहऱ्यांनी हरवलं, डेमचेन्कोला प्रज्ञानंदनं. काकांना रशियन हवे होते, ते मिळाले.

गुकेश दहा डावांत नऊ, अर्जुन अकरा डावांत दहा. दोघांनाही आपापल्या पटाचं वैयक्तिक सुवर्ण. याला कुणी नव्हता म्हणून जिंकले म्हणत नाहीत.

आणि मुलींचं. पहिली गोष्ट, दुसरा गट "पुरुषांचा" नाही, तो खुला आहे. हंगेरीची जुडिट पोल्गार खुल्या संघातून खेळली आणि रौप्य घेऊन गेली. हे दार उघडं राहण्यात आपल्या एका बाईचा हात आहे, आणि मुंबईत राहून काकांना ते ठाऊक नसावं याचं मला नवल वाटतं. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसल्या, तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत आणि फिडेपर्यंत गेलं, आणि फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी बाई म्हणून कुणाला अडवता येणार नाही असा निर्वाळा दिला.

दुसरी गोष्ट, बुडापेस्टच्या मुलींचं सुवर्ण मुलांपेक्षा अवघड वाटेनं आलं. पहिल्या सात फेऱ्या जिंकल्या, आठवीत पोलंडशी १.५-२.५ अशा हरल्या, नववीत अमेरिकेशी बरोबरी. दोन फेऱ्या राहिल्या आणि आघाडी गेलेली. आपली मुरलेली खेळाडू कोनेरू हंपी संघात नव्हती. दहावीत समोर चीन. तीन डाव बरोबरीत सुटले आणि एकटी दिव्या जिंकली, २.५-१.५. शेवटच्या फेरीत अझरबैजानला ३.५-०.५. पुण्याचे अभिजित कुंटे कर्णधार होते. दिव्याला आणि वंतिकाला वैयक्तिक सुवर्ण. अठरा वर्षांची पोरगी हरलेल्या संघाला दोन दिवसांनी चीनसमोर एकटी ओढून नेते, त्याला काका आरक्षण म्हणतात. रविवारी माझ्याकडं तेवीस पोरं येतात, त्यांत नऊ मुली. दिव्याच्या त्या डावाच्या चाली मी फळ्यावर लिहिल्या तेव्हा वहीत उतरवून घेणाऱ्यांत सगळ्यात पुढं कोण होतं ते मी काकांना पुढच्या चवथीला सांगीन.

काल हा सगळा मजकूर दादाला पाठवला, तक्त्यासकट. अकादमीच्या नंबरावर मी स्वतः फोन करून विचारलं होतं, की तुमचे आजवर किती विद्यार्थी ग्रँडमास्टर झाले. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, आमची पहिलीच बॅच आहे." तेही दादाला कळवलं.

दोन निळ्या खुणा आल्या आणि दिवसभर काही नाही. संध्याकाळी एवढंच आलं: "रयवारी पोराक धाडतंय. हत्तीचो शेवट शिकव. घड्याळ आसा मा तुझ्याकडे?"

घड्याळ आहे. एका बाजूचं बटण अडकतं, पण आहे. कलमांच्या कराराचं काय ठरलं ते त्यानं लिहिलेलं नाही. वहिनीला उद्या फोन करते.